दगड ओळखायचा कसा: नाव सगळ्यात शेवटी, आणि कसोट्या याच क्रमाने

प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते. पानावर सगळ्यात वर खनिजाचं नाव असतं आणि त्याखाली त्या नावाला शोभतील अशी निरीक्षणं. म्हणजे मुलांनी आधी नाव ठरवलेलं असतं, कसोट्या नंतर जुळवून लिहिलेल्या असतात. ट्रेमध्ये तीन पांढरे तुकडे ठेवले, एक गारगोटीचा, एक कॅल्साइटचा आणि एक जिप्समचा, तर तिन्ही वहीत ‘गारगोटी’ म्हणून येतात. खरं तर हे तिन्ही दगड वेगळे करायला दोन मिनिटं पुरतात.

अडचण बुद्धीची नाही, क्रमाची आहे. कोणती कसोटी आधी घ्यायची आणि का, हे कळलं की नवख्या विद्यार्थ्यालाही नेहमी भेटणारी वीस-पंचवीस खनिजं आणि डझनभर खडक खात्रीने ओळखता येतात. खाली दिलेला क्रम मोडू नका. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्यातली एखादी चूक टाळण्यासाठी तिथे आहे.

आधी तयारी

साहित्य साधं आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, काचेची जाड पट्टी (कडा घासलेल्या), तांब्याची पट्टी, पोलादी खिळा, चकाकी नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीची फरशी (टाइलची मागची कोरी बाजू चालते), चुंबक, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, दोरा, पाण्याचा पेला, ड्रॉपर, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डोळ्यांवर लावायचा संरक्षक चष्मा.

वहीत प्रत्येक नमुन्याला आकडा द्या आणि त्यापुढे रकाने आखा: चमक, कठिनता, कस, पाटन, विशिष्ट गुरुत्व, इतर. नावाचा रकाना सगळ्यात शेवटी, उजव्या टोकाला. हा रकाना शेवटपर्यंत कोरा ठेवणं हाच या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे.

*सावधान:* नमुना चाटून पाहू नका. सैंधव मीठ चवीने ओळखतात हे खरं, पण त्याच ट्रेमध्ये शिशाचं गॅलेना किंवा पाऱ्याचं सिनाबार असू शकतं. तंतुमय, केसासारखे धागे सुटणारा नमुना घासू किंवा फोडू नका. तो अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. काम संपलं की हात साबणाने धुवा.

टप्पा १: ताजा पृष्ठभाग शोधा

उघड्यावर पडलेल्या दगडाची बाहेरची कातडी हवा-पाण्याने बदललेली असते. काळा बेसाल्ट बाहेरून तपकिरी दिसतो, पायराइटवर गंजाचा थर चढतो, फेल्डस्पारची चमक जाऊन तो खडूसारखा होतो. त्या कातडीवर केलेली कसोटी म्हणजे गंजाची कसोटी.

म्हणून आधी ब्रशने धूळ झाडा आणि नुकतीच तुटलेली बाजू शोधा. नसेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली, चष्मा लावून, कापडात गुंडाळून एक कोपरा फोडून घ्या. साधा हातोडा दगडावर मारला तर त्याचाच टवका उडू शकतो, त्यामुळे भूवैज्ञानिक हातोडा नसेल तर फोडण्याच्या फंदात पडू नका.

*तपासणी:* नमुन्यावर ताज्या बाजूला पेन्सिलने छोटा बाण काढला का? पुढच्या सगळ्या कसोट्या त्याच बाजूवर घ्यायच्या आहेत.

टप्पा २: खनिज की खडक?

हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका. खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला, घन, अजैविक पदार्थ, ज्याची रासायनिक घडण ठरलेली असते आणि ज्यातले अणू ठरावीक रचनेत बसलेले असतात. खडक म्हणजे बहुधा अशा खनिजांचा मेळ. ग्रॅनाइटची ‘कठिनता’ किती, असं विचारणं म्हणूनच चुकीचं आहे. त्यातल्या गारगोटीची वेगळी, फेल्डस्पारची वेगळी, अभ्रकाची तर नखाइतकीच.

भिंगातून पाहा. सगळा तुकडा एकाच पदार्थाचा दिसतो का? रंग, चमक आणि तुटण्याची तऱ्हा सगळीकडे सारखी असेल तर खनिज समजून टप्पा ३ कडे जा. वेगवेगळे कण, थर किंवा ठिपके दिसले तर थेट टप्पा ९ गाठा.

दोन अडचणी इथे येतात. चुनखडक, संगमरवर, क्वॉर्टझाइट हे खडक जवळजवळ एकाच खनिजाचे असतात, त्यामुळे ते खनिजासारखे वाटतात. भिंगात मात्र साखरेच्या दाण्यांसारखे एकमेकांना चिकटलेले असंख्य कण दिसतात. कण दिसले की खडक. दुसरी अडचण उलटी आहे: बेसाल्टचे कण इतके बारीक असतात की भिंगातही वेगळे दिसत नाहीत. काळा, निस्तेज, कुठलाही सपाट चकाकता पापुद्रा नसलेला तुकडा असेल तर त्याला खनिज म्हणण्याची घाई करू नका.

टप्पा ३: चमक बघा, रंगाला बाजूला ठेवा

पहिला फाटा एकच: धातूसारखी चमक आहे की नाही? पुढची अर्धी यादी इथेच गळून पडते. धातूसारखी नसेल तर काचेसारखी (गारगोटी), मोत्यासारखी (अभ्रक), रेशमी (तंतुमय जिप्सम), राळेसारखी (स्फॅलेराइट) की मातकट, ते लिहा.

रंग लिहा, पण त्यावरून नाव ठरवू नका. गारगोटी बिनरंगी, पांढरी, गुलाबी, धुरकट, पिवळी, जांभळी अशी सगळी सापडते. माणिक आणि नीलम ही एकाच कोरंडमची रूपं आहेत. थोडंसं क्रोमियम मिसळलं की लाल, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की निळं. हजारात काही अणू बदलले तरी रंग पालटतो, आतली रचना मात्र तीच राहते. मॅलाकाइटचा हिरवा, ॲझुराइटचा निळा आणि गंधकाचा पिवळा हे थोडे भरवशाचे रंग सोडले तर रंग हा साक्षीदार म्हणून कच्चा आहे.

टप्पा ४: कठिनता

कठिनता म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध. तुटायला किती जड जातं, याचा त्याच्याशी संबंध नाही. हिरा सगळ्यात कठीण, तरीही घाव बसला तर फुटतो.

फ्रिडरिश मोहस यांनी १८१२ मध्ये मांडलेली दहा खनिजांची श्रेणी इथे वापरतात: १ संगजिरे, २ जिप्सम, ३ कॅल्साइट, ४ फ्लुओराइट, ५ ॲपेटाइट, ६ ऑर्थोक्लेज फेल्डस्पार, ७ गारगोटी, ८ टोपाझ, ९ कोरंडम, १० हिरा. हे आकडे फक्त क्रम सांगतात, माप सांगत नाहीत. ९ आणि १० मधली दरी तर १ ते ९ मधल्या दरीपेक्षाही मोठी आहे. आपल्या हाताशी असलेल्या वस्तूंचे आकडे असे: नख साधारण २.५, तांबं ३, काच आणि पोलादी खिळा ५.५ च्या आसपास.

कृती नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

१. नखापासून सुरुवात करा, मग तांबं, मग खिळा, शेवटी काच. मऊ वस्तूकडून कठीण वस्तूकडे गेलात तर नमुना विनाकारण खराब होत नाही.

२. काचेची पट्टी टेबलावर सपाट ठेवा. हातात धरलेली काच दाबाखाली मोडते आणि तळवा कापतो.

३. नमुन्याचा टोकदार कोपरा काचेवर दाबून एक सेंटीमीटरची रेघ ओढा. मागे-पुढे घासू नका.

४. आता बोट ओलं करून ती रेघ पुसा. इथेच सगळा निकाल आहे. रेघ पुसली गेली तर ती काचेवर उमटलेली नमुन्याची पूड होती, म्हणजे नमुना काचेपेक्षा मऊ. रेघ तशीच राहिली आणि तिच्यावरून नख आडवं फिरवताना किंचित अडखळलं, तर काच कापली गेली आहे. पुसून न बघता ‘काचेवर ओरखडा उमटतो’ असं लिहिलेलं मी इतक्या वेळा वाचलंय की आता ती ओळ दिसली की मी स्वतः नमुना घेऊन पुन्हा रेघ ओढतो, आणि बहुतेक वेळा ती रेघ बोटाबरोबर निघून येते.

५. उलटही करून पाहा: काचेच्या कडेने नमुन्यावर रेघ उमटते का? दोन्ही उत्तरं एकमेकांना दुजोरा देत असतील तरच आकडा लिहा. आकडा ‘३ ते ५.५ च्या मध्ये’ असा आला तरी पुरेसा आहे.

कायनाइटसारखं एखादं खनिज लांबीच्या दिशेने खिळ्याने ओरखडतं आणि आडव्या दिशेने ओरखडत नाही. म्हणून शंका आली तर दोन दिशांनी रेघ ओढून बघा.

*तपासणी:* पांढऱ्या तीन तुकड्यांचा गुंता इथेच सुटायला हवा. नखाने ओरखडलं तर जिप्सम, नखाने नाही पण खिळ्याने ओरखडलं तर बहुधा कॅल्साइट, खिळ्यालाही दाद दिली नाही आणि काच कापली तर गारगोटी.

टप्पा ५: कस

सोनार कसोटीवर सोनं घासतो तसंच हे. खनिज चिनी मातीच्या फरशीवर घासल्यावर जी पूड उमटते तिचा रंग म्हणजे कस. अखंड तुकड्याचा रंग फसवतो, पुडीचा फारसा फसवत नाही.

उत्तम उदाहरण हेमाटाइटचं. त्याचा एक प्रकार चांदीसारखा चकाकतो, दुसरा मातकट लाल असतो, तिसरा काळा आणि मूत्रपिंडासारख्या गोल गाठींचा. तिघांना शेजारी ठेवलं तर कुणी एकच खनिज म्हणणार नाही. फरशीवर मात्र तिन्ही तुकडे तीच तांबूस-तपकिरी रेघ ओढतात. मॅग्नेटाइटचा कस काळा, गोएथाइटचा पिवळसर तपकिरी, गॅलेनाचा शिशासारखा करडा.

सोन्यासारख्या दिसणाऱ्या तुकड्याचा निकालही इथे लागतो. पायराइट आणि चाल्कोपायराइट यांचा कस हिरवट काळा, सोन्याचा पिवळाच. मग त्या दोघांतला फरक कठिनतेवरून करा: पायराइट काच कापतं (६ ते ६.५), चाल्कोपायराइट खिळ्याने ओरखडतं (३.५ ते ४). सोनं सुईखाली दबून चपटं होतं, पायराइटची मात्र पूड होते.

*ही चूक टाळा:* फरशीची स्वतःची कठिनता ६.५ ते ७ आहे. गारगोटी किंवा टोपाझ घासलं तर पांढरी पूड दिसते खरी, पण ती फरशीचीच असते. म्हणूनच कठिनता आधी आणि कस नंतर. कठिनता ७ किंवा जास्त आली असेल तर कसाच्या रकान्यात आडवी रेघ मारा आणि पुढे चला.

टप्पा ६: पाटन आणि भंजन

खनिजातल्या अणूंची बांधणी काही पातळ्यांवर कमकुवत असते. त्या पातळ्यांवर ते सपाट तुटतं, त्याला पाटन म्हणतात. तशा पातळ्या नसतील तर वेडंवाकडं किंवा शंखासारखं गोलाईदार तुटतं, ते भंजन.

नमुना दिव्याखाली धरून हळूहळू फिरवा. पाटन असेल तर एका ठरावीक कोनात पृष्ठभाग एकदम लखकन चमकतो, आणि बारकाईने पाहिलं तर लहान-लहान पायऱ्याही त्याच क्षणी चमकतात. पायऱ्या वेगवेगळ्या उंचीवर असल्या तरी एकमेकींना समांतर असतात, म्हणून सगळ्या एकाच वेळी उजळतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुन्हा विसरता येत नाही.

आता दिशा मोजा. बाजू मोजायच्या नाहीत, दिशा मोजायच्या. घनाला सहा बाजू असतात, पण समोरासमोरच्या दोन बाजू म्हणजे एकच दिशा, म्हणून पाटनाच्या दिशा तीन. अभ्रकाला एक दिशा, त्यामुळे पापुद्रे सुटतात. फेल्डस्पारला दोन, जवळजवळ काटकोनात. गॅलेना आणि सैंधव यांना तीन, काटकोनात. कॅल्साइटलाही तीनच, पण तिरप्या, कोन साधारण ७५ आणि १०५ अंशांचे. फ्लुओराइटला चार. गारगोटीला ठळक पाटन नाही, तिचं भंजन शंखाभ.

काळ्या, लांबट खनिजांत पायरोक्सीन आणि ॲम्फिबोल सतत गोंधळ करतात. दोघांनाही दोन दिशा. कोन जवळजवळ काटकोन असेल तर पायरोक्सीन, ५६ आणि १२४ अंशांच्या आसपास असेल तर ॲम्फिबोल.

*ही चूक टाळा:* स्फटिकाची नैसर्गिक बाजू म्हणजे पाटन नव्हे. गारगोटीचा सहा बाजूंचा सुबक स्फटिक पाहून ‘पाटन उत्तम’ असं हमखास लिहिलं जातं. स्फटिकाच्या बाजू वाढताना तयार होतात, पाटनाच्या तुटताना. तुटलेल्या जागी पुन्हा तशीच सपाट पातळी दिसली तर पाटन. पायराइट आणि गॅलेना दोन्ही घनाकृती सापडतात. गॅलेना फोडलं की लहान घन मिळतात, पायराइट फोडलं की ओबडधोबड तुकडे. स्फटिकाच्या बाजूंवर बऱ्याचदा बारीक समांतर रेषा असतात, त्याही ओळखायला मदत करतात.

टप्पा ७: विशिष्ट गुरुत्व

‘जड वाटतो’ हे निरीक्षण नाही. मोठा दगड जडच वाटणार. विशिष्ट गुरुत्व म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड, तो आकडा. मोजून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

१. कोरडा नमुना काट्यावर ठेवून वजन लिहा.

२. पेल्यात पाणी घेऊन तो काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा.

३. नमुना दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात लोंबकळत धरा. तळाला किंवा काठाला टेकता कामा नये.

४. आता काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नमुन्याने सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

समजा पांढऱ्या तुकड्याचं कोरडं वजन १०६ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ४०. उत्तर २.६५, म्हणजे गारगोटीशी जुळणारं. राखाडी चमकता तुकडा १५० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा २० असेल तर ७.५, गॅलेना. ताडून बघायला काही आकडे: सैंधव २.२, जिप्सम २.३, कॅल्साइट २.७, फ्लुओराइट ३.२, बाराइट ४.५, पायराइट ५, मॅग्नेटाइट ५.२. पांढऱ्या, काचेसारख्या तुकड्याचं उत्तर ४.५ आलं की कॅल्साइट बाद, बाराइट समोर. रंग-चमक सारखीच असलेल्या या दोघांना वेगळं करायला याहून सोपा मार्ग नाही.

चुका तीन. नमुना तळाला टेकला की आकडा फुगतो आणि उत्तर खाली येतं. नमुन्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकले नाहीत तरी तेच होतं. आणि नमुना फार छोटा असला, समजा २० ग्रॅमचा, तर काट्यातली एका ग्रॅमची चूकही २.६ ला २.३ किंवा ३ करून टाकते. शक्य तो १०० ग्रॅमच्या आसपासचा तुकडा घ्या.

*सावधान:* सैंधव पाण्यात विरघळतं. नखाच्या जवळपास मऊ, तिरकस नाही तर काटकोनात तुटणारा नमुना असेल तर आधी एक कोपरा ओल्या बोटाने चोळून बघा. बुळबुळीत होऊन झिजला तर तो पाण्यात घालू नका. सच्छिद्र दगडासाठीही ही पद्धत चुकीचं उत्तर देते.

टप्पा ८: चुंबक आणि शेवटी आम्ल

चुंबक दोऱ्याला टांगून नमुन्याजवळ न्या. दोरा तिरपा झाला तर मॅग्नेटाइटची शक्यता मोठी.

आम्ल सगळ्यात शेवटी, कारण ते पृष्ठभाग बदलून टाकतं. चष्मा लावा. आधी त्याच जागी साध्या पाण्याचा एक थेंब टाकून बघा. सच्छिद्र दगडात पाणी शिरताना आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि ते अगदी फसफसण्यासारखं दिसतं. पाण्यालाच बुडबुडे आले तर आम्लाच्या बुडबुड्यांवर विसंबू नका. पाणी टिपून मग आम्लाचा एकच थेंब टाका.

कॅल्साइट लगेच, जोरात फसफसतं. हा बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. कॅल्साइटसारख्याच दिसणाऱ्या डोलोमाइटचा अखंड तुकडा गार आम्लात जवळजवळ गप्प राहतो. खिळ्याने खरवडून त्याची पूड केली आणि त्या पुडीवर थेंब टाकला की मग फसफसतो. म्हणून दोन्ही जागी बघायचं: आधी अखंड बाजूवर, मग पुडीवर. आम्ल उपलब्ध नसेल तर व्हिनेगर चालतं, पण कॅल्साइटची पूड करून आणि थोडा धीर धरून, भिंगातून. डोलोमाइटसाठी त्याचा उपयोग नाही. झाल्यावर नमुना भरपूर पाण्याने धुवा.

*सावधान:* धातूसारखी किंवा राळेसारखी चमक असलेल्या नमुन्यावर आम्ल टाकू नका. गॅलेना आणि स्फॅलेराइटमधून विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो.

टप्पा ९: खडक असेल तर

इथे कठिनतेपासून सुरुवात करायची नाही. पहिला प्रश्न पोताचा: कण एकमेकांना कसे धरून आहेत?

कोड्याच्या तुकड्यांसारखे एकमेकांत घट्ट गुंतलेले, कोणत्याही दिशेला न झुकलेले स्फटिक दिसले तर अग्निज खडक. कण डोळ्यांना दिसतात म्हणजे शिलारस खोलवर सावकाश थंड झाला. ग्रॅनाइटमध्ये काचेसारखी करडी गारगोटी, लखकन चमकणारा पांढरा किंवा गुलाबी फेल्डस्पार आणि काळे ठिपके सहज वेगळे करता येतात. कण दिसत नाहीत, दगड काळपट आणि वजनदार, म्हणजे पृष्ठभागावर लवकर थिजलेला बेसाल्ट. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, कधी त्या झिओलाइट किंवा कॅल्साइटने भरलेल्या. अशा भरलेल्या पोकळीवर आम्ल टाकून ‘बेसाल्ट फसफसतो’ असं लिहू नका.

सुटे कण कुठल्यातरी लुकणाने चिकटलेले, मध्ये मोकळी जागा, बोटाने चोळल्यावर दाणे सुटतात, तर गाळाचा खडक. दाण्याचा आकार मोजा: २ मिलिमीटरहून मोठे गोटे असतील तर पिंडाश्म, त्याहून लहान पण डोळ्यांना दिसणारे दाणे असतील तर वालुकाश्म, दाणे दिसतच नाहीत आणि पातळ पापुद्रे सुटतात तर शेल.

खनिजं एका दिशेला आडवी झोपलेली किंवा फिकट-गडद पट्ट्यांत विभागलेली असतील तर रूपांतरित, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने बदललेला खडक. पट्टेदार नीस त्यातलाच. नीसचे पट्टे आणि वालुकाश्माचे थर यांत नेहमी गफलत होते. भिंग लावा: पट्ट्यातले कण गुंतलेले स्फटिक असतील तर नीस, सुटे गोलसर दाणे असतील तर वालुकाश्म. शेल आणि पाटीचा दगड यांना खिळ्याने हलकेच वाजवून पाहा. पाटी खणखणते, शेलचा आवाज बोदा येतो.

दाणेदार पांढऱ्या खडकांची एक चौकडी लक्षात ठेवा. संगमरवर खिळ्याने ओरखडतो आणि आम्लात फसफसतो, क्वॉर्टझाइट दोन्ही करत नाही, उलट काच कापतो. वालुकाश्म तुटताना दाण्यांच्या कडेकडेने तुटतो, क्वॉर्टझाइट दाण्यांच्या आरपार. आणि वालुकाश्म आम्लात फसफसला तर तो चुनखडक ठरत नाही: भिंगातून बघा, दाणे तसेच राहतात आणि बुडबुडे फक्त त्यांच्या मधल्या लुकणातून येतात.

टप्पा १०: ऊर्जा देणारे दगड

दगडी कोळसा खनिजांच्या ट्रेमध्ये ठेवलेला असतो, पण वर दिलेल्या व्याख्येप्रमाणे तो खनिज नाही. तो वनस्पतींपासून झालेला, म्हणजे जैविक, आणि त्याची घडणही ठरलेली नसते. त्याची जागा गाळाच्या खडकांत.

काळा तुकडा आला की क्रम असा. उचलल्यावर अपेक्षेपेक्षा हलका, विशिष्ट गुरुत्व १.५ च्या आत-बाहेर, तर कोळसा. बोटांना निसरडा लागून कागदावर राखाडी रेघ ओढणारा ग्रॅफाइट २.२ च्या आसपास असतो. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीची काच, पातळ कडेतून उजेड आरपार दिसतो. मॅग्नेटाइट चुंबकाला ओढतं.

कोळशाची प्रत ठरवायला पीटमध्ये मुळं-धागे दिसतात, लिग्नाइट तपकिरी आणि कसही तपकिरी, बिट्युमिनसमध्ये चकचकीत आणि मंद पट्टे आलटून-पालटून, तो बोटं काळी करतो. अँथ्रासाइट कठीण, चकचकीत, शंखाभ तुटणारा, हाताला फारसा लागत नाही. या क्रमाने कार्बनचं प्रमाण वाढत जातं. कोळशात सोनेरी कण चमकले तर ते पायराइट. तो कोळसा जाळला की त्यातलं गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन हवेत जातं. *कोळसा जाळून बघणं ही ओळखीची कसोटी नव्हे.*

खनिज तेलाबद्दल एक गैरसमज इथेच मोजून काढून टाका. तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठत नाही, ते खडकाच्या दाण्यांमधल्या फटींत असतं. वालुकाश्माचा कोरडा तुकडा तोला, समजा २३० ग्रॅम. २४ तास पाण्यात ठेवा, बाहेरून पुसून पुन्हा तोला, समजा २५० ग्रॅम. म्हणजे आत २० मिलिलिटर जागा. आता तोच भिजलेला तुकडा टप्पा ७ प्रमाणे पाण्यात लोंबकळवा, आकडा समजा १०७ आला. २० भागिले १०७, म्हणजे जवळजवळ १९ टक्के दगड पोकळ. हातात घेतल्यावर हाच दगड पूर्ण भरीव वाटत होता. शेलमध्येही सूक्ष्म फटी भरपूर असतात, पण त्या एकमेकींना नीट जोडलेल्या नसतात, म्हणून शेल तेलावर झाकणाचं काम करतो.

*सावधान:* काळा आणि त्या आकाराला न शोभणारा फार जड तुकडा, चुंबकाला न ओढणारा, संग्रहात ‘युरॅनिनाइट’ अशा चिठ्ठीसह किंवा चिठ्ठीशिवाय आढळला तर त्याला घासू, फोडू, पाण्यात घालू नका. तो किरणोत्सारी असू शकतो. शिक्षकांना दाखवा आणि हात धुवा.

टप्पा ११: आता नाव

वहीतला कोरा रकाना आता भरा, पण नाव एकटं लिहू नका. त्यापुढे दोन पुरावे लिहा आणि ज्या नावाशी सगळ्यात जास्त गोंधळ होऊ शकत होता ते नाव कशामुळे बाद केलं तेही लिहा. उदाहरणार्थ: ‘नमुना ७. कॅल्साइट. खिळ्याने ओरखडतं, नखाने नाही; अखंड बाजूवर आम्लात जोरात फसफसतं. डोलोमाइट नाही, कारण पूड न करताच फसफसलं.’

कसोट्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नसतील, समजा कठिनता ७ आणि तरीही फसफसतं, तर नाव बदलण्याआधी टप्पा १ आणि २ पुन्हा करा. बहुतेक वेळा नमुन्यात दोन खनिजं असतात, किंवा ओरखडा एका जागी ओढलेला असतो आणि आम्ल दुसऱ्या जागी पडलेलं असतं. तरीही मेळ बसला नाही तर रकान्यात ‘कठिनता ३ ते ४, पाटन तीन दिशांना, नाव अनिश्चित’ असं लिहा. मी अशा नोंदीला पूर्ण गुण देतो.

शेवटी नमुन्याच्या न तपासलेल्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका लावा, तो वाळला की त्यावर वहीतला आकडा काळ्या शाईने लिहा आणि मगच नमुना डबीत ठेवा. नुसती चिठ्ठी डबीत टाकली तर डबी पडताच दगड आणि चिठ्ठी यांची ताटातूट होते, आणि सगळ्या कसोट्या पहिल्यापासून कराव्या लागतात.